अंगकाठीचे शब्द

माणसाच्या बांध्यासाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही. पण हे शब्द नुसते माप सांगत नाहीत, बोलणाऱ्याचे मनही सांगतात. बारीक माणूस आवडता असेल तर ‘सडपातळ’, कष्टाळू असेल तर ‘काटक’, नावडता असेल तर ‘हडकुळा’. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर तो ‘सुका बोंबील’ होतो. (ओल्या बोंबलात पाणीच फार, वाळला की काडी उरते!) मी सुट्टीत घरी गेलो की आई म्हणते, ‘सुकलास रे!’ त्यात हिणवणे नसते, काळजी असते.

स्त्रियांच्या वाट्याला मात्र ‘नाजूक’, ‘शेलाटी’, ‘चवळीची शेंग’ एवढेच कौतुक आले. मासळीची जड पाटी डोक्यावरून वाहणाऱ्या कोळणीचे दंड पुरुषाचे असते तर आपण ‘पीळदार’ म्हटले असते. तिला ‘आडदांड’ म्हणून आपण मोकळे होतो.