इंजिनाचा पिवळा दिवा

मोटारीच्या इंजिनासारखा रुक्ष विषय आम्ही व्याख्यानासाठी का निवडला, असा प्रश्न काही श्रोत्यांना पडला असेल. त्याचे उत्तर शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर आहे. किन्हवली, डोळखांब, टोकावडे या बाजूच्या गावांतून रात्री-अपरात्री बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रोगी तालुक्याला न्यायचा झाला, तर शेजाऱ्याची गाडी हाच पुष्कळदा आधार असतो. अशा वेळी इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, तर थांबावे की पुढे जावे, हे चालविणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

चुलीचे उदाहरण घेऊ. हवा कमी पडली की धूर होतो, आणि फुंकणीने जाळ नीट होतो. इंजिनाचेही तसेच आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल याहून जास्त झाले तर मिश्रण ‘श्रीमंत’, कमी झाले तर ‘गरीब’, असे म्हणण्याचा प्रघात आहे. कार्ब्युरेटरच्या काळी हे प्रमाण मिस्त्री कानाने लावीत असे. आता ते काम गाडीतला छोटा संगणक करतो. आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेऊन तो पेट्रोल सोडतो, आणि धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर मागे किती प्राणवायू उरला ते त्याला कळवितो. प्राणवायू जास्त उरला तर संगणक पेट्रोल वाढवितो, कमी उरला तर घटवितो. ही दुरुस्ती टक्क्यांत मोजतात. ती फार वाढून मर्यादेबाहेर राहिली की दिवा लागतो आणि स्मृतीत एक खूण नोंदली जाते. पी ०१७१ म्हणजे मिश्रण गरीब, पी ०१७२ म्हणजे श्रीमंत.

येथेच पुष्कळांची फसगत होते. खूण प्रमाण बिघडल्याचे सांगते, ते कोणी बिघडविले हे सांगत नाही. सेन्सर हा बहुधा साक्षीदार असतो, आणि आपण त्यालाच गुन्हेगार समजून बदलतो. आमच्या एका स्नेह्यांच्या गाडीत असेच झाले. दिवा लागला, एका गॅरेजात सेन्सर बदलला, खूण पुसल्यामुळे दिवाही विझला. आठ दिवसांनी तो पुन्हा लागला. तेव्हा आम्ही खूण वाचणारे साधे यंत्र लावून आकडे पाहिले. इंजिन मंद चालू असताना दुरुस्ती वीस टक्क्यांच्या वर होती, मिनिटाला २५०० फेऱ्यांवर नेताच ती पाचाच्या आत आली. अर्थ उघड होता. कोठून तरी न मोजलेली थोडी हवा शिरत होती. मंद गतीत एकूण हवाच थोडी, म्हणून तिचा वाटा मोठा दिसे, आणि वेगात तो नगण्य होई. गाडी पेंढ्याच्या उडवीशेजारी उभी असे. उंदरांनी बोटाएवढी एक रबरी नळी कुरतडली होती. नवी नळी सेन्सरच्या मानाने अगदी स्वस्तात आली.

ज्या गाड्यांत हवा नळीच्या तोंडाशीच मोजतात, त्यांना ही परीक्षा लागू पडते. जेथे नळीतला दाब मोजतात, तेथे अशा गळतीने बहुधा इंजिनाची मंद गतीच वाढते. उलट दुरुस्ती कसारा किंवा माळशेज घाट चढताना वाढत असेल, तर पेट्रोलचा पंप वा गाळणी यांच्याकडे पाहावे. मिश्रण श्रीमंत असेल, तर पेट्रोलचा वास व नळीच्या तोंडाशी काजळी दिसते. तेथे गळके इंजेक्टर, किंवा तापल्या इंजिनाला गार म्हणून कळविणारा उष्णतेचा सेन्सर, यांवर संशय घ्यावा. सीएनजीवरही चालणाऱ्या गाडीत आणखी एक सोय आहे. दोष केवळ पेट्रोलवर दिसला तर तो पेट्रोलच्या बाजूचा. दोन्हींवर दिसला तर हवा, धुराची नळी किंवा सेन्सर यांकडे वळावे.

२०२३ सालापासून टप्प्याटप्प्याने आलेल्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचाही येथे संबंध आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच प्राणवायू असल्याने या मिश्रणाला एका किलोस सुमारे १३.५ किलोच हवा पुरते. म्हणून जुन्या गाडीचा संगणक आधीच थोडे पेट्रोल वाढवून चालतो. इथेनॉल एकटे सहसा दिवा लावीत नाही, परंतु दुरुस्तीला उरलेली जागा कमी होते, आणि पूर्वी खपून गेलेली बारीक गळती आता दिवा लावू शकते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दिवा स्थिर असेल, इंजिन नीट ओढत असेल आणि तेलाचा वा उष्णतेचा तांबडा दिवा नसेल, तर रोग्याला घेऊन सावकाश पुढे जावे व नंतर तपासणी करावी. दिवा लुकलुकत असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे असे समजावे. ते धुराच्या नळीतील उत्प्रेरकात जळते आणि प्लॅटिनम, पॅलेडियमसारख्या धातूंचा तो महागडा भाग तापून निकामी होतो. अशा वेळी जोर कमी करावा, शक्य तितक्या लवकर थांबावे व दुसरी गाडी बोलवावी. मात्र तपासणीपूर्वी बॅटरीची तार काढून दिवा विझवू नये. तसे करणे म्हणजे साक्षीदाराला गावाबाहेर घालविण्यासारखे आहे.

आमचे सांगणे इतकेच की, सुटा भाग विकत घेण्याआधी मिस्त्रीला एक प्रश्न विचारावा : मंद गतीत आकडा काय होता, आणि वेगात काय झाला? ज्याला उत्तर देता येईल, त्याच्या हाती गाडी निर्धास्त द्यावी.