दुसऱ्या धारेचा मान

पेडणे, डिचोलीकडची आपली कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबई-बेळगावकडे गेली, त्याला दोन-तीन पिढ्या लोटल्या. तरीही गावाहून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत सोले, काजूबिया आणि एखादी फेणीची बाटली असतेच. घरात पिणारे कोणी नसले, तरी ती बाटली स्वयंपाकघरातील वरच्या फळीवर जपून ठेवलेली असते. सर्दी-पडसे झाले, पोट बिघडले, की आजी चमचाभर काढून देई. ती बाटली कोणत्या गावची, कोणत्या भाटातल्या काजूची, हे मात्र तिच्यावर कुठेच लिहिलेले नसे. आणणाऱ्याने तोंडी सांगितले, तेवढीच तिची ओळख. ही साधी बाब दूरच्या एका फ्रेंच मळ्याची हकिगत वाचताना पुन्हा मनात आली.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, बोर्दो शहराच्या उत्तरेकडे, मेडॉक हा खडीमिश्रित जमिनीचा प्रदेश आहे. तेथे शातो मार्गो हा द्राक्षमळा व त्याचा वाडा आहे. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनानिमित्त तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेवरून बोर्दोच्या दलालांनी तेथील मद्यांची प्रतवारी केली. त्या वेळी तांबड्या मद्यांपैकी पहिल्या श्रेणीचा मान केवळ चार मळ्यांना मिळाला, त्यांतला हा एक. त्या श्रेणीत पाचव्याची भर पडली ती थेट 1973 साली.

एवढ्या नामांकित मळ्याचे देखील सगळेच मद्य त्याच्या नावाने विकले जात नाही. जमिनीच्या निरनिराळ्या तुकड्यांतील द्राक्षे निरनिराळी आंबवतात. मग जाणकार मंडळी ते चाखून निवड करतात. वेली कोवळ्या असतील, एखाद्या तुकड्याच्या रसात हवी ती खोली नसेल, तर ते मद्य मुख्य नावापासून दूर ठेवले जाते. ते फेकून मात्र देत नाहीत. 1908 सालापासून त्याला स्वतःचे नाव आहे : पाव्हियों रूज, रूज म्हणजे तांबडा. मळा तोच, तळघर तेच, राबणारे हातही तेच. फक्त बाटलीवर दर्जाचा प्रामाणिक कबुलीजबाब.

1930 नंतरच्या पडत्या काळात ही प्रथा बंद पडली. 1977 मध्ये मूळचे ग्रीक असलेले आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांनी ओढगस्तीला आलेला हा मळा विकत घेतला आणि दुसऱ्या मद्याचे नाव पुन्हा जिवंत केले. 1980 साली ते निवर्तले. पुढे त्यांच्या कन्येने तोच शिरस्ता राखला. वरवर पाहता हा तोट्याचाच व्यवहार. महागड्या मालाची मोजणी आपल्याच हाताने कमी करायची! परंतु त्या कमी केलेल्या मोजणीनेच मुख्य नावाची पत सावरली. कालांतराने पाव्हियों रूजलाही गिऱ्हाइके शोधीत येऊ लागली.

आता आपल्या डोंगरांकडे वळू. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात इकडे आणला आणि तो आमच्या जांभ्या दगडाच्या उतारांवर असा रुजला, की परका म्हणून कोणी ओळखू नये. फाल्गुन-चैत्रात बोंडू पिकून आपोआप गळतात. फेणीसाठी ते झाडावरून तोडीत नाहीत, खाली पडलेलेच वेचतात. बी पिळून वेगळी करतात. बोंडू कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, पायांनी तुडवतात; हल्ली यंत्रानेही पिळतात. शेवटी दडपणाखाली ठिबकणारा निवळ रस तो निरो. थंड करून मुलांनाही देतात. उरलेला रस दोन-तीन दिवस आपणहून आंबतो आणि मग भट्टीवर चढतो.

मराठीत अस्सल मालाला 'पहिल्या धारेचा' म्हणतात. काजूच्या भट्टीवर मात्र पहिल्यांदा उतरतो तो सौम्य हुर्राक. तो टिकाऊ नाही. हंगाम आहे तोवरच त्याची मजा. हाच हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीला लावला, की उतरते ती फेणी, सुमारे 42 ते 43 टक्के मद्यार्काची. ओतताना जो फेस धरतो, त्यावरूनच तिचे नाव पडले असे मानतात. तिची ताकद जुने लोक 'ग्राव' या पोर्तुगीज मापाने सांगत. मार्गोच्या दोन मद्यांत फरक निवडीचा, तर हुर्राक आणि फेणीत फरक पायरीचा, हे खरे. परंतु एकाला दुसऱ्याच्या नावाने खपवायचे नाही, ही शिस्त आपल्या भट्टीवाल्यांनाही ठाऊक होती. हुर्राक तो हुर्राक, फेणी ती फेणी.

ही शिस्त बाजारात गेल्यावर सैल झाली. स्वस्त मद्यार्क मिसळून फेणी म्हणून विकणारे निघाले, आणि सचोटीने भट्टी लावणारा भावात मार खाऊ लागला. 2009 साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. तोवर व त्यानंतरही कायद्याच्या लेखी ती 'देशी दारू'च होती. 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा-पेयाचा दर्जा दिला. ही वाटचाल लहान नव्हे. परंतु मानांकन आहे ते सबंध गोव्याचे. मार्गोच्या बाटलीवर गावाचे आणि मळ्याचे नाव असते. आमच्या बहुतेक बाटल्यांवर पेडणे नाही, डिचोली नाही, डोंगराचे नाव तर दूरच.

आणि डोंगर तर डोळ्यांदेखत कमी होत आहेत. डिचोलीचे कित्येक उतार खाणींनी पोखरले. पेडण्यात मोपाच्या पठारावर 2022 साली विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी तेथली काजूची झाडे गेली. विमानतळ नको, खाणी नकोत, असा एकांगी सूर येथे लावायचा नाही. त्यांवर अनेकांच्या चुली पेटतात. पण ज्या डोंगराला बाटलीवरही नाव नाही, तो हिशेबाच्या वहीत नुसती 'पडीक जमीन' ठरतो. मेडॉकमधली खडीची जमीनही धान्याच्या दृष्टीने हलकीच. तिला मोल आले ते तिच्या नावामुळे.

मद्याचा महिमा गाण्याचा येथे हेतू नाही. घरात बाटली असावी की नसावी, हे ज्याने त्याने ठरवावे. सांगायचे ते इतकेच, की पुढच्या चैत्रात गावाहून कोणी काही घेऊन आले, तर ते कुठले, कोणाच्या भाटातले, कोणत्या भट्टीतले, हे आवर्जून विचारावे आणि बाटलीवर एक चिठ्ठी डकवून ठेवावी. वरच्या फळीवर हात नेणाऱ्या नातवंडांना निदान आपल्या डोंगराचे नाव तरी वाचता येईल.