पिलं कोणत्या कोंबडीची?

गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते आणि पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न कोंबडी तीनशेचा आकडा सहज ओलांडते. हा फरक दाण्या-पाण्याचा आहे, असं बहुतेकांना वाटतं. उकिरडा उकरून पोट भरणाऱ्या कोंबडीकडून आणखी काय अपेक्षा करायची, असा त्यामागचा विचार. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. पिंजऱ्यात ठेवून लेयरचं खाद्य खाऊ घातलं तरी अंगणातली कोंबडी लेगहॉर्नच्या जवळपास पोचत नाही. उरलेलं कारण तिच्या वर्षभराच्या क्रमात आहे.

ती बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. अंग फुलवून खोप्यात बसून राहते, जवळ गेलं की घशातून गुरगुरते, हात घातला की टोचते. दाणा टिपायला दिवसातून एकदा उठली तर उठली. एकवीस दिवस अंड्यांवर जातात, मग दोन-अडीच महिने पिलांच्या मागे. पिलं सुटी झाली की तुरा पुन्हा लाल होतो आणि कोंबडी परत अंड्यावर येते. असा एक फेरा साडेतीन-चार महिन्यांचा. वर्षात तीन, फार तर चार. पन्नासचा आकडा असा भरतो. तिची पूर्वज असलेली तांबडी रानकोंबडी वर्षाला जेमतेम दहा-पंधरा अंडी घालते. त्या मानानं गावरान कोंबडीनं मारलेली मजल मोठीच म्हणायची.

एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यातले वीसेक तास एकट्या कवचाला. म्हणून अंडं रोज थोडं थोडं उशिरा पडत जातं आणि मध्येच एखाद्या दिवसाचा खाडा होतो. चांगल्या कोंबडीचे खाडे कमी, सुमार कोंबडीचे जास्त. खुडूक होणं मात्र याहून फार मोठं प्रकरण आहे. त्या काळात मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक भरपूर पाझरतं, अंडाशय आक्रसतं आणि बलक तयार होणंच थांबतं. अंडी वाढवायची तर आधी या सवयीला हात घालावा लागतो. लेगहॉर्नमध्ये ती जवळपास नाहीशी झाली आहे, आणि तीनशे अंड्यांमागचं ते एक मोठं कारण आहे.

आता गावाकडच्या अंगणात काय चालतं ते पाहू. निवड तिथेही होतच असते, फक्त ती कुणी ठरवून करत नाही. जी कोंबडी खुडूक होते तिच्याखाली अंडी ठेवली जातात, आणि त्यांत तिची स्वतःची बरीच असतात, कारण खोप्यात ताजी तीच हाताशी असतात. जी न बसता घालत राहते, तिची बरीचशी अंडी बाजारात जातात नाहीतर तव्यावर. म्हणजे वारंवार बसणारीचा वंश वाढतो आणि घालत राहणारीचा मागे पडतो. कोंबड्याच्या बाबतीत तर आणखी नुकसान. एका विणीतला सगळ्यात तगडा, लवकर भरलेला कोंबडा जत्रेला, नवसाला किंवा पाहुण्यांना लागतो. मागे उरतो तो किडमिडा, आणि पुढच्या सगळ्या पिलांचा बाप तोच होतो. गावरान कोंबडीची अंडी वाढत नाहीत यात दाण्याइतकाच या उलट्या निवडीचाही वाटा आहे. तिच्याकडे मात्र फारसं कुणी लक्ष देत नाही.

ठरवून निवड करायची म्हटलं तरी ती सोपी नाही. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रात १८९८ साली जी. एम. गोवेल यांनी हे काम हाती घेतलं. जात होती पट्ट्यापट्ट्यांची प्लायमाउथ रॉक. कोणत्या कोंबडीनं किती अंडी घातली हे कळावं म्हणून त्यांनी झडपेचे खोके वापरले. कोंबडी आत शिरली की झडप आपोआप पडते, आणि माणूस येऊन सोडेपर्यंत ती आतच राहते. पायातल्या कडीवरचा नंबर पाहायचा, अंडं तिच्या नावावर मांडायचं आणि तिला बाहेर सोडायचं. दिवसातून अनेकदा, वर्षभर, शेकडो कोंबड्यांसाठी. पैदाशीला फक्त एकशेसाठ किंवा त्याहून जास्त अंडी घालणाऱ्या माद्या घ्यायच्या आणि नर असे घ्यायचे की ज्यांच्या आईनं दोनशेचा टप्पा गाठला आहे, असा नियम होता. इतक्या चोख निवडीनंतर सरासरी वाढायलाच हवी होती. वर्षांमागून वर्षं गेली, ती वाढली नाही.

१९०७ साली रेमंड पर्ल तिथे आले. फ्रँक सरफेस यांच्यासोबत त्यांनी ती सगळी बाडं तपासली आणि हे अपयश १९०९ मध्ये आकडेवारीसह छापलं. एका कोंबडीनं दोनशे अंडी घातली, तर त्यात तिच्या रक्ताचा भाग किती आणि त्या वर्षीच्या खुराड्याचा, खाद्याचा, हवेचा भाग किती, हे तिच्या एकटीच्या आकड्यावरून कळत नाही. पर्ल यांनी पद्धत बदलली. कोंबडीचा स्वतःचा आकडा थोडा बाजूला ठेवून तिच्या मुलींनी किती अंडी घातली हे ते पाहू लागले. कोंबड्याचंही तसंच: तो स्वतः अंडी घालत नाही, म्हणून त्याचा कस त्याच्या मुलींवरून लावायचा. ज्या कुटुंबातल्या बहिणी-बहिणी सगळ्याच चांगल्या घालतात तेच कुटुंब पुढे न्यायचं. यानंतर मेनमधली हिवाळी अंडी वाढायला लागली.

त्याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात जेम्स ड्रायडन झडपेचे खोके घेऊन कामाला लागले होते. त्यांच्या कळपातल्या लेडी मॅकडफ या कोंबडीनं १९१३ साली संपलेल्या वर्षात ३०३ अंडी घातली. कोंबडीला एवढं जमतच नाही असं मानणाऱ्यांना ते मोठं उत्तर होतं. पुढे १९२२-२३ मध्ये ऑस्ट्रेलियात ऑस्ट्रेलॉर्प जातीच्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी घातली, म्हणजे कोंबडीमागे सरासरी ३०९.५, आणि तीही कृत्रिम उजेडाशिवाय. ऑस्ट्रेलॉर्प घडली ती विल्यम कुक यांनी इंग्लंडमध्ये तयार केलेल्या काळ्या ऑर्पिंग्टनमधून. ऑस्ट्रेलियातल्या पैदासकारांनी तिच्यातली अंड्यांची बाजू निवडत नेली.

हे सगळे पक्षी तेव्हा शेतकऱ्यांच्या अंगणातल्या जातींचेच होते. प्रयोगशाळेत काही जादू झाली नव्हती. नंबर, वही आणि चिकाटी, एवढ्यावर ते काम उभं राहिलं.

भारतात वाट थोडी वेगळी निघाली. इथल्या संस्थांनी देशी पक्ष्याचा काटकपणा आणि परदेशी पक्ष्याची अंडी यांचा मेळ घालण्यावर भर दिला. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते, तर ग्रामप्रिया परसात दीडशेच्या पुढे जाते. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं असीलपासून निर्भीक आणि कडकनाथपासून श्यामा हे वाण तयार केले. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराजा तर महाराष्ट्रातल्या गावोगावी पोचला आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यातली जवळपास ३१.७ कोटी परसातली होती आणि आधीच्या गणनेपेक्षा ती ४६ टक्क्यांच्या आसपास वाढली होती. या वाढीत अशा सुधारित वाणांचा हात मोठा आहे.

तरी एक अडचण राहतेच. संकरित कोंबडीची पिलं आईसारखी निघत नाहीत. एक पिढी झाली की अंडी घसरतात, रंग बदलतो, अंगलट बदलते. म्हणून दर खेपेला अंडी उबवणी केंद्रातून नवी पिलं आणावी लागतात. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथल्या सरकारी केंद्रांच्या जवळ राहणाऱ्याला ते जमतं. अक्कलकुव्याच्या किंवा धडगावच्या पाड्यावरच्या बाईला खुडूक कोंबडी हेच उबवणी केंद्र असतं. तिच्या अंगणातली कोंबडी कधीच बसेनाशी झाली तर पुढची पिलं येणार कुठून? शिवाय रोज अंडं देणाऱ्या पक्ष्याला रोज चारेक ग्रॅम कॅल्शियम लागतं. ते शिंपल्यांच्या भुग्यातून किंवा चुनखडीतून मिळालं नाही तर कवच पातळ होतं आणि हाडं ठिसूळ. अंडी वाढवणाऱ्यानं हा खर्च आधी धरला पाहिजे.

या दोन वाटांच्या मध्ये तिसरी एक आहे, आणि ती इथिओपियानं चालून दाखवली. पश्चिम इथिओपियातल्या होरो भागातली कोंबडी अगदी आपल्या गावरानसारखी: लहान, काटक, उशिरा अंड्यावर येणारी. २००८ साली देब्रे झैत इथल्या संशोधन केंद्रात होरो भागातली अंडी आणून उबवली गेली आणि नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या साथीनं निवडीचा कार्यक्रम सुरू झाला. बाहेरचं रक्त अजिबात घ्यायचं नाही, असं ठरलं होतं. प्रत्येक पक्ष्याला नंबर, प्रत्येकाच्या आई-बापाची नोंद, आणि ४५ आठवड्यांपर्यंतच्या अंड्यांचा हिशोब. सात पिढ्यांत ती अंडी दुपटीहून अधिक झाली. तलंगा लवकर अंड्यावर येऊ लागल्या, वजन वाढलं, आणि सुरुवातीच्या पिढीत भरमसाट असलेली मरतूकही खाली आली. सात पिढ्या म्हणजे दहा वर्षांच्या आतली गोष्ट. ज्या जातीची आजवर कुणी निवडच केलेली नाही तिच्यात फरक भरपूर दडलेले असतात, म्हणून पहिल्या पिढ्यांत फळ लवकर दिसतं.

आपल्याकडे असं करण्याजोगी जात आहे. नंदुरबार-नवापूर भाग आणि त्याला लागून असलेला गुजरातचा पट्टा इथली बुसरा ही कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं नोंदवलेली जात. वर्षाला चाळीस ते पंचावन्न अंडी, तीही छोटी. तिच्या तुलनेत अंदमान-निकोबारची निकोबारी दीडशेच्या घरात जाते, आणि तीही शुद्ध देशीच. देशी कोंबडीला मर्यादा आहे असं म्हणणाऱ्यांनी निकोबारीकडे जरूर पाहावं. बुसरावर होरोसारखं काम व्हावं, संस्थेनं आणि पाड्यांवरच्या बायकांनी मिळून करावं. जातीचा दाखला मिळाला, आता नोंदवही उघडायला हवी.

अंगणातल्या पातळीवर झडपेचे खोके परवडत नाहीत, पण कोंबडी हातात धरून बरंच कळतं. संध्याकाळी ती खुराड्यात शिरल्यावर काढावी, डोकं काखेकडे घेऊन पाय धरावेत. शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोकं बोटांना लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज बसली तर ती अंड्यावर आहे. एकच बोट कसंबसं मावलं तर नाही. गुदद्वार मोठं, ओलसर आणि फिकट असलं तर ती घालते आहे. आखडलेलं, कोरडं आणि पिवळट असलं तर बंद आहे. पिवळ्या कातडीच्या कोंबडीत आणखी एक खूण सापडते. अंडी घालता घालता अंगातला पिवळा रंग बलकात उतरतो: आधी गुदद्वाराभोवतालचा, मग डोळ्याच्या कडेचा, मग चोचीचा, शेवटी नडग्यांचा. पावसाळा संपताना जिच्या नडग्या पांढुरक्या पडल्या आहेत, तिनं बरीच अंडी घातली आहेत. कडकनाथवर ही खूण चालत नाही, त्याचं अंगच काळं.

अशा चार-पाच कोंबड्यांच्या पायात रंगीत कड्या घालाव्यात आणि त्यांची अंडी विकू नयेत. ती खुडूक बसलेल्या दुसऱ्या कोंबडीखाली ठेवावीत. बसणाऱ्या कोंबडीची माया कामाला येते आणि वंश मात्र घालणारीचा वाढतो. खुराड्यात एक-दोन भरवशाच्या बसणाऱ्या कोंबड्या ठेवल्या की पुरे. पिलं थोडी मोठी झाली की आईपासून लवकर वेगळी करून ऊब आणि दाणा दिला, तर आईही लवकर अंड्यावर येते. मानमोडीची लस मात्र चुकवता कामा नये, नाहीतर निवडीचं सगळं काम एका रात्रीत वाया जातं.

फक्त संख्येच्या मागे लागलं तर अंडं लहान होत जातं, कारण संख्या आणि वजन एकमेकांना मागे ओढतात. म्हणून महिन्यातून एकदा किराणा दुकानाच्या तागडीवर दहा अंडी एकत्र तोलून वजन लिहून ठेवावं. वजनाचा गुण पुढच्या पिढीत बराच उतरतो, संख्येचा थोडाच. संख्येसाठी बहिणी-बहिणींकडे पाहण्याची गरज त्यामुळेच पडते.

आणि कोंबडा. त्याचं रक्त अंगणातल्या प्रत्येक पिलात जातं, त्यामुळे जत्रेला कोणता द्यायचा हे आधीच ठरलेलं असावं. सर्वांत जास्त अंडी देणाऱ्या कोंबडीच्या मुलांतला एक तगडा राखावा, आठ-दहा कोंबड्यांना तो एक पुरतो. वर्षभरानं त्याच्याच मुली अंड्यावर येतात, तेव्हा नात्यातली वीण टाळण्यासाठी तो शेजारच्या पाड्यावर द्यावा आणि तिकडचा आणावा. मात्र देताना त्याच्या आईच्या अंड्यांचा आकडा सांगावा आणि येणाऱ्याच्या आईचाही विचारून घ्यावा.