दिलेला शब्द पाळायचा कोणी?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलसशेजारी अर्विंग शहर आहे. भारतीयांची वस्ती मोठी. तेथे मोटारीचा परवाना काढताना विचारतात, "मरणोत्तर अवयव द्याल काय?" होय म्हटले की नाव राज्याच्या नोंदवहीत चढते. पैसे पडत नाहीत. २००५ च्या कायद्याने निघालेल्या या वहीला दिवंगत आमदार ग्लेंडा डॉसन यांचे नाव आहे. अठरा वर्षांवरील व्यक्तीची नोंद हीच कायदेशीर संमती. मागाहून नातेवाईक ती मोडू शकत नाहीत.

आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात तसे नाही. १९९४ चा कायदा आहे, लोक अर्जही भरतात. पण इस्पितळात अखेर घरच्यांनाच विचारतात. रडारडीच्या त्या घटकेला बायकोमुलांना काही ठाऊकच नसेल, तर अर्ज कपाटातच राहतो. मला टेक्सासची रीत बरी वाटते. घरच्यांवरचा भार तरी उतरतो.