तानपुऱ्याचा झंकार विरताना

मैफलीच्या ध्वनिमुद्रणात भैरवी संपते, गायक थांबतो आणि मागे तानपुऱ्याचा झंकार हळूहळू विरत जातो. ऐकणाऱ्याला तो विश्रांतीचा क्षण वाटतो. आकड्यांचे पुन्हा आवाजात रूपांतर करणाऱ्या यंत्राची मात्र तिथेच कसोटी लागते. हे यंत्र म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, ऐकणाऱ्यांच्या बोलीत ‘डॅक’. मोबाइलमध्ये तो एका चिपच्या कोपऱ्यात मावतो. उंची संचात त्याची स्वतंत्र पेटी असते आणि तिची किंमत कधी कधी मोटारगाडीच्या घरात जाते. त्यामुळे अनेक रसिक जुन्या बाजाराकडे वळतात. तिथे पारख करायची तर आधी पेटीच्या आत काय चालते ते पाहायला हवे.

पहिला सीडी प्लेअर १९८२ साली जपानमध्ये विक्रीला आला. सीडीवर प्रत्येक सेकंदाचा आवाज डाव्या आणि उजव्या बाजूसाठी प्रत्येकी ४४,१०० आकड्यांत नोंदलेला असतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घेतले, की मधला तरंग गाळणीच्या, म्हणजे फिल्टरच्या, साहाय्याने पुरता उभा करता येतो. डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो, हा समज त्यामुळे खरा नाही. अडचण वेगळीच आहे. प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पातळ्यांपैकी एक. प्लेअरमधून बाहेर पडणारा विद्युतदाब प्रमाणानुसार २ व्होल्टचा धरला, तर एक पातळी व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान पडते. इतके बारीक माप अचूक कसे द्यायचे?

वाण्याच्या तराजूची कल्पना करा. १, २, ४, ८ असे दुपटीने वाढत जाणारे सोळा वजनांचे तुकडे. सर्वांत मोठे ३२,७६८ चे. रोधकांच्या शिडीवर चालणारा डॅक असाच वजने टाकून दाब तयार करतो. आता ३२,७६७ वरून ३२,७६८ वर जायचे, तर पंधरा लहान वजने उचलून एकच मोठे ठेवावे लागते. ते एक टक्क्याने जरी चुकीचे असले, तरी सुमारे ३२८ पातळ्यांची उडी बसते. साध्या शिडीत शांतता या पल्ल्याच्या बरोबर मध्यावर असल्याने तरंग शून्य ओलांडताना दर वेळी हीच अदलाबदल होते. मोठ्या आवाजात ही चूक झाकली जाते. विरणाऱ्या झंकारात ती झंकाराएवढीच होऊन बसते.

यावर अनेक उपाय निघाले. फिलिप्सने आपल्या टीडीए१५४० या १४ बिटांच्या चिपमध्ये विद्युतप्रवाहाचे भाग आपसांत सतत फिरवत ठेवले, त्यामुळे त्यांतल्या चुका सरासरीत विरघळल्या. बर-ब्राउनच्या पीसीएम१७०४ मध्ये तरंगाच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्यासाठी वेगळी शिडी आली. शून्यावरची उडीच टळली. केंब्रिजच्या डीसीएस कंपनीने सारख्याच मूल्याचे प्रवाहस्रोत आलटून-पालटून वापरले. आज बहुतेक चिपा डेल्टा-सिग्मा पद्धतीच्या असतात. १९६२ मध्ये जपानी संशोधकांनी मांडलेल्या या पद्धतीत मोजकी वजने प्रचंड वेगाने हलवली जातात आणि उरलेला खरखराट ऐकू न येणाऱ्या कंप्रतांकडे ढकलला जातो.

पेटीवर ‘३२ बिट’ लिहिलेले पाहून मात्र भुलू नये. तो आत घेतल्या जाणाऱ्या आकड्याचा आकार आहे. रोधकांतला उष्णतेचा खरखराट कुणालाच चुकत नाही. उत्तमोत्तम यंत्रांची खरी अचूकता २०-२१ बिटांच्या आसपास थांबते. जास्तीचे पैसे जातात ते स्थिर घड्याळ, स्वच्छ वीजपुरवठा, बाहेर पडणाऱ्या आवाजाचे मंडल आणि जाडजूड पेटी यांवर. आजचा बेताच्या किमतीचा नवा डॅक मोजमापात जुन्या महागड्या पेटीला सहज मागे टाकू शकतो. जुना घ्यायचा तो त्याच्या बांधणीसाठी किंवा आवडलेल्या आवाजासाठी. ‘जुने ते सोने’ म्हणून नव्हे.

घेताना पेटीच्या पाठीमागचा विद्युतदाब आधी वाचावा. जपानसाठी बनलेले यंत्र १०० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टला ते थेट लावले तर जळेल. वयाचा फटका सर्वांत आधी इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरांना बसतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, म्हणून वर्षानुवर्षे चालू ठेवलेली, बंदिस्त कपाटातली पेटी जास्त थकलेली असते. चिप कोणती आहे हेही विचारावे. टीडीए१५४१ए आणि पीसीएम१७०४ आता बनत नाहीत. निकामी झाली तर बदली मिळणे अवघड, आणि बाजारात नकली चिपाही फिरतात. जुन्या यंत्राचा यूएसबी मार्ग कंपनीच्या खास ड्रायव्हरवर अवलंबून असेल, तर तो आजच्या संगणकावर चालतो का ते समोर बसून पाहावे. ऑप्टिकल आणि कोॲक्सियल मार्ग त्या मानाने टिकाऊ.

शेवटी कानाची परीक्षा. दोन यंत्रांची तुलना करताना आवाजाची पातळी मीटर लावून सारखी करावी, कारण किंचित मोठे वाजणारे यंत्र नेहमीच चांगले वाटते. मग ओळखीचे ध्वनिमुद्रण लावून शेवटच्या झंकाराशी आवाज वाढवावा. झंकार खरखरत तुटतो का, एका बाजूचा आधी नाहीसा होतो का, मागून विजेची गुणगुण येते का, हे ऐकावे. ध्वनिमुद्रणातली मूळ खरखर दोन्ही यंत्रांवर सारखीच येईल. फरक पडेल तो यंत्राचा. आणि पुढची चीज सुरू होण्याआधी आवाज आठवणीने कमी करावा, नाहीतर त्या दिवशी डॅकबरोबर नवे स्पीकरही विकत घ्यावे लागतील.