दिव्यांग मुलासाठी मुंबई गाठण्याआधी हे वाचा : गावच्या शाळेकडून काय मागता येतं?

मूल सहा वर्षांचं झालं. नीट बोलत नाही, ऐकू कमी येतं किंवा शिकवलेलं लक्षात राहत नाही. अशा वेळी गावात कुणीतरी सांगतंच, "मुंबईला न्या, तिथं अशा पोरांच्या शाळा असतात." साकीनाक्याला चुलता असतो, खैरानी रोडच्या एखाद्या कारखान्यात काम मिळेल असं वाटतं, आणि घर हलवायचं घाटतं. पण आधी कायदा काय सांगतो ते बघू.

मुंबईत काय आहे?

मुंबईत सोयी जास्त आहेत, यात वाद नाही. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी महापालिकेच्या वेगळ्या शाळा आहेत. वांद्र्याला कर्णबधिरांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वाचन-लेखनात अडचण असणाऱ्या मुलांची तपासणी सायन रुग्णालयात होते. पण साकीनाक्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीतून रोज मुलाला घेऊन बस, रिक्षा, मेट्रो करायची म्हटलं तर एका माणसाची मजुरी बुडते. म्हणून तिथल्याही बहुतेक आई-बापांना जवळची महापालिका शाळाच परवडते. थोडक्यात, प्रश्न गावाकडे आणि साकीनाक्यात एकच आहे : जवळच्या साध्या शाळेत मुलाची सोय होते का?

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. फक्त आंधळेपणा किंवा अपंगत्वच नाही, तर स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, वाचन-लेखनातली अक्षमता हेही त्यात येतं. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला प्रवेश द्यावाच लागतो. त्यामुळे "आमच्याकडे सोय नाही" म्हणून सरकारी शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही. प्रमाणपत्र अजून निघालेलं नाही, हेही कारण चालत नाही. आणि मुंबईला जायचंच ठरलं, तर जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून तिथल्या सरकारी किंवा महापालिका शाळेला प्रवेश अडवता येत नाही.

विशेष शिक्षक कुठे असतो?

ही खरी अडचण आहे. समग्र शिक्षा योजनेतून जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांना विशेष शिक्षक मिळतात. पण ते बरीच वर्षं कंत्राटावर होते, आणि एकाकडे अनेक शाळा. 2024 मध्ये राज्य सरकारने केंद्र पातळीवर 4,860 विशेष शिक्षकांची पदं तयार केली आणि 2,984 कंत्राटी लोकांना त्यात सामावून घ्यायचं ठरवलं. म्हणजे एका केंद्रातल्या सगळ्या शाळांना मिळून साधारण एक शिक्षक.

हे पुरेसं आहे का? सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्रमाण सांगितलं : प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक. मार्च 2025 मध्ये न्यायालयाने राज्यांना पदं जाहीर करून भरायला पुन्हा सांगितलं. आता पदं मुलांच्या आकड्यावर ठरतात. तुमचं मूल घरात बसलं, तर ते मोजणीत येत नाही, आणि मोजणीत नसलेल्या मुलासाठी कुणी शिक्षक मागत नाही. म्हणून आधी शाळेत नाव घाला.

पालकांनी काय करायचं?

1. जवळच्या शाळेत प्रवेश घ्या. मुलाची अडचण मुख्याध्यापकांना सांगा आणि दिव्यांग विद्यार्थी म्हणून नोंद करायला लावा.

2. युडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. मोबाईलवरून जमतं, नाहीतर सेतू केंद्रात जा. त्यानंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होते. कुठे आणि कोणत्या दिवशी, ते आधी विचारून घ्या, म्हणजे फेरी वाया जाणार नाही.

3. गट साधन केंद्रात जाऊन आपल्या केंद्राचा विशेष शिक्षक कोण आणि शाळेत कोणत्या वारी येतो, ते विचारा. मुंबईत हीच चौकशी शहर साधन केंद्रात करायची.

4. श्रवणयंत्र, व्हीलचेअर, ब्रेल पुस्तकं, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता यातलं मुलाला काय लागू होतं ते लेखी विचारा. दिव्यांग मुलींसाठी योजनेत महिना 200 रुपये, वर्षातले 10 महिने, प्रोत्साहन भत्ता ठरलेला आहे.

5. मूल अंथरुणाला खिळलेलं असेल, तर घरी शिक्षणाचा पर्याय मागता येतो. तो पर्याय निवडणं पालकांच्या हातात आहे. शाळेनं नको म्हणून मुलाला घरी बसवायचं, असा त्याचा अर्थ होत नाही.

6. दहावी-बारावीला दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. अर्ज शाळेमार्फत जातो. परीक्षा तोंडावर येईपर्यंत थांबू नका, नववीतच चौकशी करा.

शाळेनं ऐकलं नाही तर?

तोंडी वाद घालू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा आणि पोच घ्या. पुढची पायरी गटशिक्षणाधिकारी, मुंबईत महापालिकेचे प्रशासकीय अधिकारी (शाळा). तिथंही दाद लागली नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात तक्रार करता येते. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात. विशेष शिक्षक वेळेवर येतो का, हा विषय बैठकीत घ्या आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

आपल्या वाडीत असं एखादं मूल घरात असेल, तर त्याच्या आई-बापाला ही माहिती आजच दाखवा. पहिल्यांदा शाळेत जाताना सोबत कुणीतरी असलं, तर मुख्याध्यापकांसमोर बोलायला त्यांना धीर येतो.