अल्पायुषी समस्थानिकांची ओळख : गॅमा किरणांची साक्ष

एकाच मूलद्रव्याच्या भिन्न वजनाच्या अणूंना समस्थानिके म्हणतात. त्यांतील काही अस्थिर असतात व किरणोत्सर्ग करीत विघटित होतात. त्यांचे निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. जे समस्थानिक काही तासांत वा दिवसांत नाहीसे होते, त्याची ओळख त्वरेने पटवावी लागते. गॅमा किरणांचा वर्णपट हे त्याचे प्रमुख साधन होय.

विघटनानंतर अणुकेंद्रकात उरलेली जादा ऊर्जा बहुधा गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक समस्थानिकाच्या बाबतीत ठरलेली असते. आयोडीन-१३१ ची मुख्य रेषा ३६४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर, तर सीझियम-१३७ ची ६६२ वर उमटते. द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेला जर्मेनियमचा स्फटिक अशा रेषा अलग करून दाखवितो. ठराविक अंतराने पुन्हा मापन केले म्हणजे रेषा किती वेगाने क्षीण होते ते कळते व त्यावरून अर्धायुष्य काढता येते. ऊर्जा आणि अर्धायुष्य ही दोन्ही जुळली की ओळख पक्की होते.

या पद्धतीचे महत्त्व १९८६ साली प्रत्ययास आले. २६ एप्रिल रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला. त्याची अधिकृत वार्ता प्रसृत होण्यापूर्वीच, २८ एप्रिलला, सुमारे ११०० किलोमीटर दूर असलेल्या स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग आढळला. त्या केंद्रात गळती नव्हती. स्वीडनमधील नमुन्यांच्या वर्णपटात आयोडीन-१३१ बरोबर सीझियम-१३४ ही दिसले. अणुभट्टीच्या इंधनावर दीर्घकाळ न्यूट्रॉनांचा मारा होऊन हे समस्थानिक तयार होते; अणुबॉम्बच्या स्फोटात ते जवळजवळ निर्माण होत नाही. साहजिकच संशय अणुभट्टीवर गेला आणि वाऱ्याच्या दिशेने सोव्हिएत भूमीकडे बोट दाखविले.

पुढील प्रश्न दुधाचा होता. गवतावर पडलेले आयोडीन-१३१ गाईच्या दुधातून मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत साठते. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे. म्हणजे ऐंशी दिवसांनी ते सुमारे एक हजारांश उरते. असे दूध भुकटी करून साठविल्यास आयोडीनचा धोका टळू शकतो. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य मात्र तीस वर्षांचे असल्याने तेथे हा उपाय चालत नाही. पोलंडने २९ एप्रिलपासून सुमारे एक कोटी मुलांना स्थिर आयोडीनचे औषध दिले व लहान मुलांना ताजे दूध देण्यावर निर्बंध घातले. उलट बेलारूस, युक्रेन व रशियाच्या बाधित भागांत अनेक मुले दूषित दूध पीत राहिली. तेथे त्या वेळी लहान असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांतील बऱ्याच रोगांचे कारण हे आयोडीन असावे, असे तज्ज्ञांचे मत आहे.

अल्पायुषी समस्थानिक लवकर नाहीसे होते, परंतु त्याने केलेली हानी नाहीशी होत नाही. म्हणून मापन वेळेवर व्हावे लागते, आणि त्यावरील निर्णयही.